तलवारींच्या खुर्चीत दादा

गंगापूर रोडवर दादांचा वाढदिवस लागला आहे. कोण दादा, असे विचारू नये. ज्या चौकात उभे असाल, त्या चौकाचे दादा. भावी. 'भावी'पुढचे पद दर निवडणुकीला बदलते, 'भावी' तेवढे टिकून आहे.

यंदा नवीन आहे ती खुर्ची. फेटा, गॉगल आणि पांढरे बूट घालून दादा 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या तलवारींच्या सिंहासनावर बसलेत.

2011 ते 2019 चाललेल्या त्या मालिकेच्या 73 भागांत या खुर्चीने एकाचेही भले केले नाही. पहिला राजा शिकारीला गेला, त्याला रानडुकराने फाडले. दुसरा स्वतःच्याच लग्नाच्या मेजवानीत विषाने काळानिळा पडला. तिसऱ्याने खिडकीतून उडी टाकली. मग आलेली राणी राजवाड्याच्या दगडविटांखाली गाडली गेली. असल्या खुर्चीत माणसाला वाढदिवशी बसवायचे, खाली 'उदंड आयुष्याच्या हार्दिक शुभेच्छा' छापायच्या आणि त्याखाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीने लावायची! यांतल्या दोघा-तिघांनी तरी मालिका शेवटपर्यंत पाहिली आहे, असा माझा दाट संशय आहे. डावीकडचा तो दाढीवाला, 'दादांचा कट्टर', त्याच्याकडे जरा नीट बघा. शिकारीच्या दिवशी राजाला दारूवर दारू पाजणारा पोरगाही असाच जवळचा होता. दादांनी सध्या मळ्यावरच्या पार्ट्या टाळाव्यात, वाइन आपल्याच गावची असली तरी. लॉन्सवर लग्नाला जावेच लागले तर अक्षता टाकून निघावे, मठ्ठ्याला हात लावू नये. संपर्क कार्यालयाच्या खिडकीला जाळी बसवून घ्यावी.

दादांचे काय व्हायचे ते होवो. हा फ्लेक्स बांधलाय सिग्नलच्या बरोबर तोंडावर. लाल दिसत नाही, हिरवा दिसत नाही, दिसतात तलवारी. बांबू फुटपाथमध्ये, पेव्हर ब्लॉक उखडून रोवलेले. म्हाताऱ्या माणसांनी चालायचे कुठून? दादांच्या मांडीवरून? चौक काय यांच्या तीर्थरूपांनी आंदण दिलाय?

आणि घराण्यांच्या भांडणाचीच हौस होती, तर याच रस्त्याला आनंदवल्ली लागते. राघोबादादांनी (तेही दादाच) बायकोच्या, आनंदीबाईंच्या, नावाने नावारूपाला आणलेली. पुढे गंगापूर, तिथे त्यांच्या वहिनी गोपिकाबाई राहायच्या. 30 ऑगस्ट 1773 रोजी या वहिनींचा मुलगा नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला आणि पेशवाई चुलत्याकडे आली. ती बारभाईंनी पुढच्याच वर्षी काढून घेतली. सगळे रामायण एका गादीपायी! तिच्यात तलवार एकही नव्हती, नुसता कापूस.

फ्लेक्सवाल्याला विचारले, ही कल्पना कोणाची? म्हणाला, "पोरांची. पण दादांना लई आवडली. पुढच्या वर्षी मागं ड्रॅगन टाकायचाय, दादा स्वतः बोललेत."

शेवटच्या भागात तोच ड्रॅगन आग ओकून त्या खुर्चीचा रस करतो, हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. गिळले. म्हटले, ड्रॅगन जरा मोठाच टाक.