पर्सेंटाइल: पालकांसाठी सूचना

(घरात नुकतीच पदवी घेतलेली व्यक्ती असल्यास या सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात.)

१. आधी परीक्षा ओळखावी. एमटेकला गेट, एमबीएला कॅट किंवा राज्याची सीईटी, परदेशासाठी जीआरई. सेट ही प्रवेशपरीक्षा नव्हे. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि उत्तीर्ण झाल्यास सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते. पात्रता, नोकरी नव्हे. पेढे बेतानेच आणावेत.

२. पुस्तके अप्पा बळवंत चौकातून आणावीत. गेट, कॅट, जीआरई या तिन्हींत पडद्यावरच कॅल्क्युलेटर असतो. त्यामुळे एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवायची हौस निकालापर्यंत आवरावी.

३. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन गुण, आणि बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. सबब, माहीत नसेल तर गप्प राहावे. पुण्यात वाढलेल्या उमेदवाराला हा भाग सर्वांत अवघड जातो. त्याच्याकडून घरी रोज सराव करून घ्यावा. स्वतः केल्यास उत्तमच.

४. जीआरई पूर्वी पावणेचार तासांची होती. सप्टेंबर २०२३पासून दोन तासांच्या आत आटोपते. भाषा आणि गणित यांचे गुण प्रत्येकी १३० ते १७०. १३५ पडले म्हणून कोणाला फोन करू नये. मोजणीच १३०पासून सुरू होते. पहिला भाग चांगला सोडवला की दुसरा अधिक अवघड येतो. घरात थोरल्या सुनेला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. अनेक अमेरिकी विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली आहे, ही माहिती फी भरण्याआधी काढावी. नंतर कळल्यास जेवताना विषय काढू नये.

५. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९५ पर्सेंटाइल म्हणजे साधारण ९५ टक्के परीक्षार्थी मागे आहेत. पेपरात किती गुण पडले, ते यावरून कळत नाही. पुढे राहिलेल्या पाच टक्क्यांत आपल्या सोसायटीतले कोण आहे, याचा शोध निकालादिवशीच घेऊ नये.

६. गुणांची मुदत ध्यानात ठेवावी: कॅट जेमतेम वर्षभर, गेट तीन वर्षे, जीआरई पाच वर्षे. मुदत संपलेले गुण कोणतेही विद्यापीठ विचारात घेत नाही. ते लग्नाच्या बायोडेटात मात्र बिनदिक्कत लिहावेत. तिथे ते पर्सेंटाइल आहेत की टक्के, हे कोणी विचारत नाही.