घरबसल्या पाणबुडीत: नवशिक्या वाचकांसाठी

साहित्य: एक आरामखुर्ची, एक जाडजूड पुस्तक आणि चहा आणून देणारं, पण दर पानाला "आता काय झालं?" असं न विचारणारं माणूस. तिसरी गोष्ट मिळाली नाही तरी अडत नाही. मला अजून मिळालेली नाही.

कोणत्या कप्तानाने किती टन जहाजं बुडवली, याचे तक्ते आधी उघडू नका. नवशिका तिथे अडकतो आणि आठवडाभर जेवताना टनांतच बोलतो. सुरुवात संडासापासून करा. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची हुकमी पाणबुडी 'सात-सी' जातीची. लांबी 67 मीटर, आत पन्नासेक माणसं, संडास दोन. त्यातला एक निघताना खाण्याच्या सामानाने गच्च भरलेला, म्हणजे ते संपेपर्यंत पन्नासांत एक. चाळीत वाढलेल्यांना इथे वेगळं समजावून सांगायला नको. फक्त चाळीतल्या संडासात चूक झाली तर चाळ बुडत नाही. 14 एप्रिल 1945 ला स्कॉटलंडजवळ यू-1206 अशीच गेली. खोल पाण्यातही चालणारा नवा संडास, त्याचे व्हॉल्व्ह फिरवण्यात गफलत झाली. समुद्राचं पाणी आत आलं, खालच्या बॅटऱ्यांवर पोचलं, क्लोरीन सुटला. बोट वर आणावी लागली आणि शेवटी सोडून द्यावी लागली.

संडास झाला की स्वयंपाक. पाव दमट हवेत पांढऱ्या लवदार बुरशीने असे फुगायचे की खलाशी त्यांना ससे म्हणत. वरचं खरवडून आतलं खायचं. पहारा संपवून आलेला माणूस दुसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या, अजून गरम असलेल्या बिछान्यात शिरायचा. अंगावरचे कपडे आठवडेच्या आठवडे तेच. आंघोळीचं विचारू नका. वास मारायला कोलोन होतं.

आता प्रात्यक्षिक. वर शत्रूची जहाजं फिरत असली की ज्यांना काम नाही त्यांनी निपचित पडून राहायचं, म्हणजे हवा कमी लागते. बोलणं कुजबुजत, चमचासुद्धा पडता कामा नये. मे महिन्यातल्या एका दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून मी हे करून पाहिलं. एकोणिसाव्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली. बोट गेली.

या सगळ्यात 'आपला माणूस कोण?' हा प्रश्न मराठी वाचकाला पडतोच. आहे. फेब्रुवारी 1943 मध्ये कील बंदरातून यू-180 निघाली, तिच्यात सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन होते. एप्रिलअखेर मादागास्करजवळ दोघांनी रबरी होडीतून, उसळत्या समुद्रात, जपानी आय-29 गाठली. हे प्रकरण सावकाश वाचा. होडी हलते तिथे थांबायला हरकत नाही.

एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून बाळगा. पुस्तकात 'मी' आला की समजायचं, हा परत आला. जर्मन पाणबुड्यांवर सुमारे चाळीस हजार माणसं गेली, त्यातली जवळपास तीस हजार परतली नाहीत. म्हणजे कपाटातली आठवणींची पुस्तकं उरलेल्या पावपटीची. म्हणून त्यांत हशा जरा जास्त असतो.

मी बोसांच्या दोन्ही बोटींचं पुढे काय झालं ते शोधत बसलो होतो. आय-29 ला जुलै 1944 मध्ये फिलिपीन्सजवळ अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. यू-180 पुढच्याच महिन्यात बिस्केच्या उपसागरात गेली, 56 माणसांसकट. एकही वाचला नाही.

"आता काय झालं?" आतून विचारणा झाली.

म्हटलं, काही नाही.