खोलीत न मावणारा सूर

चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बेस गिटार वाजवणं हा मुळातच हिशेबाचा घोळ आहे. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते, आणि त्या सुराची एक लहर हवेत सव्वाआठ मीटर भरते. म्हणजे 27 फूट. आता 27 फुटांचं बिऱ्हाड 12 फुटांत राहणार कसं? ते शेजाऱ्यांकडे जातं. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना हे स्पष्टीकरण पटायचं नाही, पण आमच्या मजल्यावरच्या कुणालाही विचारा, लगेच पटेल.

गंमत अशी की भिंतीपलीकडे जातो तो फक्त घुमारा. तारेची झणझण, बोट सरकल्याची किरकिर, नव्या धातूची ती लख्ख धार, हे सगळं खोलीतच राहतं, माझ्यासाठी. आणि आम्ही बेसवाले तारा निवडताना जो काथ्याकूट करतो, तो बहुतेक या झणझणीपायीच असतो.

चिंचपोकळीला फास्ट गाडी थांबत नाही. त्यामुळे तारा आणायला स्लो लोकलनं भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद करत सीएसएमटीला उतरायचं आणि धोबी तलावापर्यंत चालत जायचं. तिथे फुर्टाडोस हे 1865 पासूनचं वाद्यांचं दुकान आहे. आत काचेमागे पाकिटं टांगलेली असतात आणि प्रत्येक पाकीट काहीतरी वचन देत असतं. राउंडवाउंड म्हणजे आतल्या पोलादी तारेवर गोल तार गुंडाळलेली. आवाज उघडा, चकचकीत, बोटाला खरखरीत. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. आवाज मिटलेला, बोटाला गुळगुळीत, किंमत मात्र राउंडवाउंडच्या दीडपट-दुप्पट. सतारवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पहिली खुली जवारी, दुसरी बंद. मधल्या हाफ-राउंडची मला कधीच गरज भासली नाही. कुंपणावर बसलेल्यांसाठी असावी ती.

मग धातू. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद हे सरळमार्गी, सगळ्यांशी जमवून घेणारं. स्टेनलेस स्टील जास्त टणक आणि झणझणीत, गंजाला दाद न देणारं, पण बोटं सोलतं आणि फ्रेट झिजवतं. शुद्ध निकेल मवाळ.

आणि शेवटी जाडी, म्हणजे गेज. इथे समोरच्या खोलीतल्या काकांचा प्रवेश होतो.

काका गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. लागून चारच वर्षं झाली होती तेव्हा 18 जानेवारी 1982 उजाडला, संप सुरू झाला, आणि पुढचं लालबाग-परळमध्ये कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. पण सूत हातातून गेलं तरी बोटांतून गेलेलं नाही. माझ्या हातातलं पाकीट त्यांनी काढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचलं, ‘45 – 105’.

“एकशेपाच काउंट? अरे, एवढं बारीक सूत बघितलं तरी घाम फुटायचा आम्हाला. धागा सारखा तुटायचा.”

“काका, ही सर्वांत जाड तार आहे.”

“मग नंबर उलटा टाकलाय.”

त्यांच्या हिशेबानं उलटाच होता. गिरणीत एका पौंडात 840 वारांच्या जेवढ्या लड्या बसतील तेवढा त्या सुताचा काउंट. म्हणून आकडा मोठा तितकं सूत बारीक. आमचा 105 म्हणजे इंचाचे हजार भाग करून त्यातले 105, आकडा मोठा तितकी तार जाड. काकांनी हे ऐकून घेतलं, पण मान्य केलं नाही. मग त्यांनी तार उलगडली आणि अंगठ्याच्या नखानं तिच्या अंगावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, अगदी सावकाश. मधे थांबले, मागे आले, पुन्हा गेले. टोकाला जिथे खुंटीवर गुंडाळायची असते तिथे लाल धागा लपेटलेला असतो, तिथे पोचल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “वाइंडिंग चांगलंय. कुठे फट नाही. धागा मात्र उगाच शोभेचा.” धागा नुसता शोभेचा नसतो, धातूच्या खुंटीवर तारेची पकड राहावी म्हणूनही असतो. पण वाइंडिंगवरच्या निकालाबद्दल मी निर्धास्त झालो. पाकिटावरच्या इंग्रजीपेक्षा त्या नखावर माझा जास्त विश्वास आहे.

जाडीचा प्रश्न नुसता बोटांचा नसतो. चार तारा मिळून गिटारच्या दांडीला पाऊणशे किलोच्या आसपास ओढत असतात, फ्लॅटवाउंड बहुधा थोड्या जास्तच. म्हणजे एक खाऊनपिऊन सुखी गृहस्थ रात्रंदिवस तिला लोंबकळलेला. गृहस्थ बदलला की दांडी वाकते, मग आतला ट्रस रॉड पिळून तिला पुन्हा सरळ करायची. त्यात मुंबईचा पावसाळा. लाकूड हवेतली ओल पितं, फुगतं, आणि मे महिन्यात लोण्यासारखी दबणारी तार जुलैत बोटाशी भांडायला लागते.

तारांचा खरा शत्रूही हाच दमटपणा, आणि त्याचा सख्खा भाऊ घाम. गोल वाइंडिंगच्या खाचांत घाम, मळ, वडापावच्या हाताचं तेल जाऊन बसतं, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तार मुकी होते. यावर जुना तोडगा म्हणजे तारा उकळणे. पाण्यात दहा मिनिटं, की तेलकटपणा निघतो आणि आवाजात पुन्हा धार येते. टिकते थोडे दिवसच, पण येते. मी पातेलं चढवलं तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. वेटोळी घातलेल्या चार तारा उकळत होत्या आणि पाण्यावर एक राखाडी तवंग जमत होता.

“मीठ घातलंस का?” तिनं विचारलं. मग त्याच सुरात, “हे पातेलं आता तुझं. दुधाला दुसरं आण.”

मी तिला जेम्स जेमरसनची गोष्ट सांगितली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा हा माणूस, आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरणारा. त्याच्या गिटारवर जाडजूड फ्लॅटवाउंड असायच्या, आणि तार तुटली तरच तो बदलायचा. मळ, घाम, सगळं त्याच्या सुरात जमा. आईला हा मनुष्य फार आवडला. उलट 1966 साली द हू या बँडच्या जॉन एंटविसलनं रोटोसाउंडवाल्यांबरोबर बसून पियानोसारख्या खणखणणाऱ्या राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या, आणि तिथून जगभरचे बेसवाले धारेच्या मागे लागले, हे ऐकल्यावर तिनं एवढंच विचारलं, “तो कुणाच्या पातेल्यात उकळायचा?”

आता आमच्याकडे बघू. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी आईला पाठ आहेत, वाझ यांचं नाव तिनं माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं. चरणजित सिंग यांनीही सिनेमाच्या वाद्यवृंदांत बेस वाजवला. त्यांनी 1982 मध्येच, इकडे गिरण्यांचे भोंगे बंद पडत असताना, सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक रेकॉर्ड काढली. तिच्याकडे जगाचं लक्ष जायला जवळपास तीस वर्षं गेली. बेसवाल्यानं घाई करून उपयोग नसतो.

मी वाजवतो ते हळदीचे आणि मंडळाचे ऑर्केस्ट्रा. तिथे मिक्सरवर बसलेला मुलगा माझी केबल जोडल्याबरोबर पहिलं काम करतो ते ट्रेबलचं बटण पार खाली नेण्याचं. एकाही कार्यक्रमात यात खंड पडलेला नाही. अडीच हजारांची झणझण बोटाच्या एका पिळानं गायब. आणि आमच्या चिंचपोकळीच्या गणपतीच्या, चिंतामणीच्या, आगमनाच्या दिवशी तर स्टेनलेस काय, सोन्याच्या तारा लावल्या तरी मला स्वतःलाच ऐकू येणार नाहीत. हे मंडळ 1920 पासूनचं आहे, त्याच्याशी स्पर्धा नको.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. स्टुडिओत बसणाऱ्यांनी आणि अंगठ्यानं थापा मारून वाजवणाऱ्यांनी खुशाल राउंडवाउंड घ्याव्यात, महिन्या-दोन महिन्यांनी बदलाव्यात. पण समुद्राच्या या दमट हवेत, पातळ भिंतींच्या घरात, दुसऱ्याच्या गाण्यामागे उभं राहून वाजवायचं असेल तर फ्लॅटवाउंडच. एकदा पैसे जातात, पण चपट्या पट्टीत मळ शिरायला फारशी जागा नसते. पहिले काही आठवडे ती जरा चमकते, मग निवते, आणि तिथून पुढे वर्षानुवर्षं तशीच राहते. वाजवण्याआधी हात धुवा, वाजवून झाल्यावर सुती फडक्यानं तारा पुसा. आणि काढलेला जुना सेट पाकिटात घालून जपून ठेवा. तार तुटते ती नेहमी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, आणि त्या वेळी धोबी तलावची दुकानं बंद झालेली असतात.