प्रस्तावासोबत पुरावे जोडावेत

सप्टेंबरच्या आगेमागे शिक्षकांच्या खोलीत एखादी फाइल फुगायला लागली, की समजावं, कुणीतरी आदर्श शिक्षक होण्याच्या मार्गावर आहे. राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून दिला जातो. २०१८ पासून त्यासाठी शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. म्हणजे आपण किती चांगले आहोत हे आपणच लिहायचं आणि पुरावेही आपणच जोडायचे. मराठी माणसाला यातलं पहिलं काम अवघड जातं, हे मान्य करायला हवं. (सगळ्यांनाच नाही.)

त्यातून परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकली, हे पाहुणेमंडळी विसरली, पण घरोघरच्या शिक्षकांना "तुमचं कधी?" विचारायला मात्र विसरली नाहीत.

विज्ञानाच्या बाईंना खरं तर हा प्रस्ताव सोपा जायला हवा. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं सहावी ते आठवीच्या वह्यांतून लिहून घेण्यातच त्यांची नोकरी गेलेली. पण फाइलला लागतात फोटो. वृक्षारोपणाचे भरपूर मिळतात. एकाच खड्ड्यात दरवर्षी नवे पाहुणे रोप लावतात. बाईंचं मुख्य काम मात्र फोटोत येत नाही.

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. वर्ग एका सुरात ओरडतो, "प्राणवायू संपला!" इथे टाळ्या घेऊन पुढच्या धड्याला लागणारे पुष्कळ. चांगल्या बाई विचारतात, "मग पाणी मेणबत्ती जळत असताना चढायला हवं होतं. ते विझल्यावर भसकन का चढलं?" वर्ग गप्प. मागून कुणीतरी चाचरत म्हणतो, "बाई, हवा गार झाली म्हणून?" ग्लासात कोंडलेली तापलेली हवा गार होऊन आकसते, पाणी चढतं ते मुख्यतः त्यामुळे. हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं. पाठ झालेलं उत्तर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी खोडलेलं असतं. माझ्या मते बाईंचा पुरस्कार तिथेच वसूल होतो. पण प्रस्तावात याला रकाना नाही, आणि निवडणुकीच्या याद्या सांभाळून उरलेल्या वेळात हे जमवलं, याला तर नाहीच नाही.

तेव्हा निवड समितीला एक विनंती. फाइल नंतर चाळा. आधी न कळवता सहाव्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसा. चहाची अपेक्षा ठेवू नका. शाळेतला एकुलता एक स्पिरिटचा दिवा तेव्हा प्रयोगात गुंतलेला असेल.