आशाताईंच्या फेऱ्या

"काय गं, खालच्या आळीतल्या त्या सुनेकडे आशाताई सारखी का जाते? मागच्या आठवड्यात गेली होती, आज पुन्हा. काहीतरी भानगड दिसतेय."

कुंपणावर ओली चादर टाकता टाकता शेजारच्या काकूंनी विषय काढला. कोणाच्या घरी कोण गेलं हे काकूंना ठाऊक असतंच. का गेलं, तेवढं माझ्याकडून काढून घ्यायचं असतं. माझी मोठी जाऊ अंगणवाडी सेविका आहे ना!

"भानगड कसली काकू! बाळंतिणीकडे जायचे दिवस ठरलेलेच आहेत. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा."

"म्हणजे सव्वा महिना उंबरठ्याशी खेटे! अगं, बाळ दवाखान्यात झालं, डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं. आता हिनं आणखी काय बघायचं?"

"डॉक्टरांना तेव्हा दिसण्यासारखं नव्हतं, ते आशाताईंनी बघितलं."

चादर अर्धी पसरलेली तशीच राहिली.

"पोर दूध पिता पिता मध्येच सोडायचं, धापा टाकायचं, परत धरायचं. कपाळ घामानं ओलं. पौषाची थंडी आणि तान्ह्याला घाम! सासूबाई म्हणाल्या, आजोबांवर गेलाय, तेही असेच घामट. दृष्ट काढून झाली, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. आशाताईंनी हात धुतले, झोळीच्या काट्यावर वजन केलं, तर मागच्या खेपेपेक्षा जेमतेम वाढलेलं. मग दुपटं बाजूला केलं, मोबाइलमध्ये एक मिनिट लावलं आणि पोटाकडे बघत श्वास मोजायला बसल्या. सासूबाईंची टकळी चालूच. आशाताईंनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. श्वास साठाच्या वर भरले. पुन्हा मोजले, तरी तेच."

"त्या बाईला गप्प बसवलं? तिथंच तिला बक्षीस द्यायला हवं."

"लगेच आरोग्य केंद्रात पाठवलं, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात. इको काढला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र निघालं."

"अगंबाई! मग जन्मल्या जन्मल्या कसं नाही कळलं?"

"तीच तर मेख आहे. पहिले काही दिवस बाळाच्या फुप्फुसातला दाब जास्त असतो, म्हणून छिद्रातून फारसं रक्त जात नाही. दाब उतरत जातो तसं रक्त तिकडे वळतं आणि बाळ दमायला लागतं. चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास. तोवर दवाखान्यातून घरी येऊन किती दिवस झालेले असतात! आणि सव्वा महिना बाळंतीण बाहेर पडणार नाही, मग बघणारीनंच घरात यायला नको? हजारातल्या आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, काकू. लहान छिद्रं पुष्कळदा आपली आपण बुजतात. मोठं असेल तर शस्त्रक्रिया. पण त्यासाठी शेत विकायला नको. २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यातून होते."

"तान्ह्यांच्या घरी फेऱ्या मारायचं सरकारला बरं सुचलं."

"सुचलं गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तान्ह्या बाळांच्या घरी धाडलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई तशा फिरायला लागल्या. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत, दर तीन महिन्यांनी, आणखी पाच फेऱ्या जोडल्या."

"पगार बरा असेल मग."

"बेचाळीस दिवसांच्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या की केंद्राच्या दरानं २५० रुपये. एका बाळामागे. एवढ्यात तालुक्याला रिक्षा करून जाऊन या बघू!"

काकूंनी 'च्' केलं आणि कमरेची मिश्रीची डबी काढली. ती डबी बघून मला त्यांची लेक आठवली. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी यायचीय ना.

"काकू, पहिल्या वेळी ताईंचं बीपी वाढलं होतं ना? पाय सुजले होते?"

"हो गं, आठव्या महिन्यात. पण बाळंत झाली आणि गेलं सगळं."

"गेलं की नाही, ते मोजलं कोणी? बाळंतपणानंतरच्या आठवड्यातसुद्धा बीपी उसळी मारतं. आणि गरोदरपणात असा त्रास झालेल्या बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका इतरांच्या दुप्पट असतो. मला या योजनेत खटकतं ते हेच. बेचाळीस दिवसांनंतर आशाताई येतात त्या बाळासाठी. आईच्या बीपी-साखरेचा धोका विचारायचा सरकारी फॉर्म निघतो तो तिला तीस वर्षं पुरी झाल्यावर. ताई सव्विशीच्या. मधली वर्षं कोणाच्याच वहीत नाहीत."

"माहेरच्या आशाच्या वहीत असेल की."

"ती वही माहेरीच राहते! सासरच्या आशाताईंना काय कळणार? ताईंची पिशवी तुम्ही भरून देता, डिंकाचे लाडू, लोणचं, खारवलेल्या मिरच्या. पहिल्या खेपेचं तपासणीचं कार्ड मात्र फडताळात."

काकू जरा वरमल्या. "लोणचंही नको म्हणतेस?"

"कमी द्या. मीठ ओवाळून टाकलं तर चालेल, बीपीवालीच्या ताटात नको. आणि ही मिश्री तर नकोच. तंबाखूच आहे ती. तिनं बीपी वाढतं, पोटातलं बाळ बारीक राहतं. ताई तुमच्याच डबीतून घेतात, मला माहितेय."

"तुला काय माहीत नसतं!" म्हणत काकूंनी डबी पदराखाली सारली. फेकली नाही, हेही सांगून ठेवते.

"हे बघा, ताई आल्या की त्याच दिवशी आशाताईंना कळवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर फुकट तपासतात. मी येते सोबत. पहिल्या खेपेचं कार्ड घ्या, बीपी वाढलं होतं हे स्वतःच्या तोंडानं सांगा, कोणी विचारायची वाट बघू नका. आणि तुमचंही मोजून घेऊ, काकू. साठी उलटली तुमची."