वातावरणनिर्मिती

निवृत्तीनंतर म्हैसूरला येऊन राहिलेल्या मराठी माणसांत एक जात हमखास भेटते: भावी कादंबरीकार. आमचे शेजारचे काका त्यातलेच. नोकरीत होते तेव्हा लिहायला वेळ नव्हता. आता वेळ इतका आहे की त्याचं वेळापत्रक आखण्यातच दिवस जातो.

पहाटे कुक्करहळ्ळी तलावाला फेरी, कारण कादंबरीकार आर. के. नारायण तिथे फिरत. "चालताना पात्रं बोलायला लागतात," काका सांगतात. सध्या त्यांच्याशी बोलणारे सगळे रक्तातल्या साखरेविषयीच बोलतात. येताना लोण्याचा डोसा, तो निरीक्षणासाठी.

टेबल शिसवी, जडावकामाचं. वर दसऱ्याचे हत्ती, अंबारीसकट. हत्तींवर वही ठेवणं जिवावर येतं म्हणून काच बसवली. काच चमकते म्हणून टेबल फिरवलं. आता समोर भिंत आली, म्हणून तिच्यात खिडकी काढायचं चाललंय. यादवगिरीतल्या नारायण यांच्या घरी, म्हणजे आताच्या संग्रहालयात, अभ्यासिकेला आठ खिडक्या आहेत. "आपल्याकडे तीनच," असं काका अशा सुरात म्हणतात की कादंबरी कुठे अडली ते आपल्यालाच कळावं.

शाईचं पेन दर रविवारी कोमट पाण्याने धुतलं जातं. तसं हे शाईचंच गाव. १९६२ पासून देशभरच्या मतदारांच्या बोटाला लागते ती शाई इथल्याच कारखान्यातली. काकांच्या बोटावर मी शाई पाहिली ती तेवढीच.

नारायण यांना आजीने चांगला दिवस काढून दिला आणि १९३० साली बंगळूरला त्यांनी 'स्वामी अँड फ्रेंड्स'ची पहिली ओळ लिहिली. हे वाचल्यापासून दर दसऱ्याला काकांकडे नवी वही येते. हळदकुंकू वाहून ती पूजेत बसते. पूजेतल्या वहीत त्या दिवशी लिहायचं नसतं, हे लहानपणापासून पक्कं. दुसऱ्या दिवशी काकू दिवाळीची झाडलोट काढतात. मग वही कपाटात जाते, आधीच्या वह्यांच्या शेजारी. नारायण यांनी पहिलीनंतर दुसरीही ओळ लिहिली, हा तपशील काकांच्या सांगण्यात येत नाही. लेखकाला लागणाऱ्या सगळ्या सवयी त्यांना आहेत. लिहिण्याचं व्यसन तेवढं नाही.

शेवटी मीच आगाऊपणा केला. म्हटलं, "काका, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली 'द गाइड' नारायण यांनी यादवगिरीत लिहिलीच नाही. अमेरिकेत बर्कलीला, हॉटेलच्या खोलीत लिहिली. खिडक्या इथे नुसत्या वारा खात होत्या."

काका गंभीर झाले. बराच वेळ गप्प बसले. वाटलं, लागलं कुठेतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काच पुसलेली, पेन भरलेलं, आणि काका मान खाली घालून भराभर लिहिताहेत. मी चपला काढून हळूच आत गेलो. पासपोर्टचा अर्ज होता.

"असू दे," काकू कॉफीचा पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, "निदान स्वतःचं पूर्ण नाव तरी लिहिलं."