पॅनेलकर

जन्माचं आडनाव वेगळं आहे. पण "कंपनी सोडा हो, पॅनेल कुणाचं ते सांगा" हे वाक्य त्यांनी ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणातही टाकलं, तेव्हापासून सगळे त्यांना पॅनेलकरच म्हणतात. वय साठीला टेकलेलं, खिशात मऊ फडकं आणि एक पेन ड्राइव्ह. त्यात लाल, हिरवी, निळी, पांढरी आणि काळी अशी पाच कोरी चित्रं.

मॉनिटर घ्यायचाय असं नुसतं पुटपुटलात तरी ते खुर्ची ओढून बसतात.

"कुठला?"

"डेलचा म्हणतोय."

"डेल पॅनेल बनवत नाही. पॅनेल एलजीचं, नाहीतर एयूओचं, नाहीतर बीओईचं. डेल काय देतं? स्टँड देतं."

मग २००७एफपीचं आख्यान लागतं. डेलचाच वीस इंची मॉनिटर, मॉडेल नंबर एक, खोकं एक. पण आत कुणाच्या नशिबी आयपीएस पॅनेल निघायचं, कुणाच्या पीव्हीए. गोष्ट खरी आहे. पॅनेलकर मात्र ती प्रसूतिगृहात बाळं बदलली गेल्याच्या आवाजात सांगतात. ऐकणारा गांगरून विचारतो, "मग एलजीचाच घेऊ का?"

"एलजी वाईट नाही. पण स्टँड बघितलात त्यांचा?"

खरा काळ त्यांच्या मते सोनी ट्रिनिट्रॉनचा. त्या नळीत पडद्यामागे उभ्या बारीक तारा ताणलेल्या असत, आणि त्या थरथरू नयेत म्हणून एक-दोन आडव्या. पांढऱ्या पानावर त्या आडव्या तारेची पुसट रेघ दिसायची. लोक ती फडक्यानं पुसत बसायचे. पॅनेलकर हात धरायचे, "पुसू नका, ती असली मालाची खूण आहे." सोनीचा चोवीस इंची एफडब्ल्यू९०० चाळीस किलोंहून जड होता. तो त्यांनी स्वतः कधी पाहिलेला नाही, पण आठवण निघाली की डोळे पाणावतात.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत त्यांना ओळखतात. विकणारा पोरगा उत्साहानं म्हणतो, "साहेब, एक मिलिसेकंद!"

"जीटीजी की एमपीआरटी?"

प्रश्न रास्त आहे. पहिल्यात पिक्सेल किती चटकन रंग बदलतो ते मोजतात, दुसऱ्यात हलतं चित्र किती पुसट होतं ते. आणि खोक्यावर आकडा मोठा, ही अक्षरं बारीक. फक्त मॉनिटर हवा असतो तो सोसायटीचा जमाखर्च लिहायला. पोरगा म्हणतो, मालक जेवायला गेलेत.

त्यांचं खरं कौशल्य मात्र माल घरी आल्यावर दिसतं. "वहिनी, लाइट घालवा. पडदेही ओढा." पेन ड्राइव्हमधलं काळं चित्र लागतं. अख्खं कुटुंब अंधारात एका काळ्या पडद्याकडे बघत उभं राहतं आणि पॅनेलकर गुडघ्यांवर बसून खालच्या कोपऱ्याकडे बोट करतात. "दिसलं? पांढुरकं? आयपीएस ग्लो." तोवर कुणाला काही दिसत नव्हतं. त्यानंतर त्या घरात दुसरं काही दिसत नाही.

शेवटी पांढरं चित्र, आणि निकाल: "पिवळा मारतो." गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांना सगळेच मॉनिटर पिवळे दिसू लागले होते. डेल, बेनक्यू, सॅमसंग, कुणीच सुटलं नाही. "हल्ली क्वालिटीच राहिली नाही," असं म्हणत त्यांनी काहींना नवे कोरे मॉनिटर परत करायला लावले.

परवा त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट पडतं, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं. पट्टी निघाल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या कोटाकडे, आणि विचारलं, "लेन्स बसवलीत ती कुणाची? म्हणजे कंपनी नको, बनवतं कोण?"

डावा डोळा पुढच्या महिन्यात आहे. सध्या एकाच मॉनिटरबद्दल ते उजव्या डोळ्यानं एक मत देतात आणि डाव्यानं दुसरं. तुम्हाला घ्यायचा असेल तर आत्ताच घेऊन टाका. दोन्ही डोळे साफ झाले की मग काही खरं नाही.